आपल्याच पक्षाचा उमेदवार नको असेल तर मत कुठे टाकायचं? (मिशिगन)

सई_कॅन्टन | ९ जुलै २०२४

वय २३, राहणार कॅन्टन, मिशिगन. मत आजवर डेमोक्रॅटिक. प्रश्न शेवटी विचारते, आधी माझी भडभड ऐकून घ्या. आईबाबांच्या मते मी लाडावलेली आहे आणि मैत्रिणींच्या मते फारच मवाळ, त्यामुळे ऐकून घ्यायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

२७ जूनची बायडन-ट्रम्प डिबेट बघितली. आईबाबा त्या दिवशी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (बीएमएम) अधिवेशनाला सॅन होजेला होते. घरात मी आणि माझी मैत्रीण, ती डिअरबॉर्नची, लेबनीज घरातली. बायडन यांचा आवाज बसलेला. वाक्य एका विषयावर सुरू होतंय आणि भलत्याच विषयात जाऊन विरतंय. मध्येच "अखेर आम्ही मेडिकेअरला हरवलं" म्हणाले. हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. माणूस ८१ वर्षांचा आहे, माझे आजोबाही त्याच वयाचे आहेत, दिवेलागणीनंतर त्यांच्याशी बोलताना मीच शब्द पुरवते.

पण मग गर्भपाताचा प्रश्न आला. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालायचा की नाही यावर मिशिगनमध्ये मतदान झालं, प्रपोझल ३. तेव्हा मी कॉलेज सांभाळून वेस्टलंड आणि गार्डन सिटीत दारोदार हिंडले आहे. ज्यांच्या अंगणात रिपब्लिकन उमेदवाराची पाटी होती अशा बायकांनीही दार पुढे ओढून घेत हळूच सांगितलं, की याला मी हो म्हणणार आहे. जवळपास ५७ टक्क्यांनी ते पास झालं. म्हणजे आमच्या पक्षाकडे यापेक्षा सोपा प्रश्न नाही. आमच्या गटातल्या कुठल्याही पोराने झोपेतून उठून उत्तर दिलं असतं. आणि उमेदवार त्यावर बोलता बोलता एका स्थलांतरिताने केलेल्या खुनाकडे वळले. म्हणजे ट्रम्प यांचा आवडता विषय स्वतः होऊन त्यांच्या हातात दिला! मैत्रीण काहीच बोलली नाही, उठून भांडी घासायला लागली.

आता कोणी म्हणेल, एका संध्याकाळवरून ठरवू नकोस. मी एका संध्याकाळवरून ठरवत नाहीच आहे. ९ मार्च २०२०, डेट्रॉइटमधली रेनेसाँ हायस्कूलची सभा. दुसऱ्या दिवशी प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान, माझं आयुष्यातलं पहिलं मत. व्यासपीठावर एका बाजूला कमला हॅरिस, कोरी बुकर, आमच्या गव्हर्नर व्हिटमर, आणि बायडन म्हणाले की मी स्वतःकडे एक पूल म्हणून बघतो, माझ्या मागे नव्या लोकांची एक पिढी उभी आहे. मी दुसऱ्या दिवशी मत त्यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स यांनाच दिलं, पण ते वाक्य मनात राहिलं. नोव्हेंबरपर्यंत करोनामुळे घरात बसून फोनवर लोकांना तेच सांगत होते: चार वर्षांचा प्रश्न आहे, मग नवे लोक येतील. किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे.

काम केलं नाही असं माझं म्हणणं नाही, हे आधीच सांगते, म्हणजे त्यावरून कोणी शिकवायला नको. मी ज्या कारखान्यात टेस्टिंगला आहे तिथे इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचे भाग बनतात. २०२२ चा तो हवामानाचा आणि कर सवलतींचा कायदा झाला नसता तर आमची लाइन उभी राहिली नसती. गेल्या सप्टेंबरात वाहन कामगारांच्या संपात बायडन इथे वेन काउंटीत येऊन पिकेट लाइनवर, म्हणजे संपकऱ्यांच्या रांगेत, उभे राहिले, पदावर असताना असं करणारे पहिले राष्ट्राध्यक्ष. आमच्याकडचे म्हातारे कामगार अजून तो फोटो दाखवतात. गाझाबद्दल मात्र माझ्या मैत्रिणीला मी काय सांगायचं? तिची चुलत भावंडं दक्षिण लेबनॉनमध्ये आहेत. ती मला विचारते, तुझ्या पक्षाने बॉम्ब पाठवणं कधी थांबवलं ते सांग. तो माझा पक्ष, बरं का. चार वर्षांपूर्वी तोच तिचाही होता.

तर २७ फेब्रुवारीची प्रायमरी. मतपत्रिकेवर बायडन, डीन फिलिप्स, मॅरिअन विल्यमसन आणि 'अनकमिटेड', म्हणजे यांपैकी कोणीच नाही. मी अनकमिटेडचा गोल काळा केला. एक लाखाहून जास्त लोकांनी केला. गाझावरून ही मोहीम चालवणाऱ्यांनी लक्ष्य दहा हजारांचं ठेवलं होतं, कारण २०१६ ला ट्रम्प इथे साधारण तेवढ्यावरच जिंकले होते. वाटलं, आता तरी कोणीतरी विचारेल की बाबांनो, काय झालंय?

आणि काल काय आलं, तर बायडन यांचं पक्षाच्या खासदारांना पत्र. त्यात म्हटलंय की प्रायमरी सर्वांना खुली होती, मला १ कोटी ४० लाखांवर मतं पडली, ८७ टक्के, मतदारांनी निवडलंय आणि फक्त मतदारांनीच. अहो, फ्लोरिडात प्रायमरी झालीच नाही! तिथल्या पक्षाने एकच नाव पाठवलं आणि विषय संपवला. बाकी ठिकाणी ज्यांना उभं राहायची ताकद होती त्यांपैकी एकही जण राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात उभा राहणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या ताटात एकच भाजी वाढायची आणि नंतर म्हणायचं, बघा, हिला हीच आवडते.

त्याआधी शुक्रवारी टीव्हीवरच्या मुलाखतीत विचारलं, ट्रम्प जिंकले तर जानेवारीत तुम्हाला काय वाटेल? उत्तराचा अर्थ असा की मी जीव ओतून काम केलं असेल तर झालं, हे त्याबद्दलच आहे. माझी मनःशांती त्यात कुठे बसते?

प्रश्न असा. नोव्हेंबरमध्ये सिनेट, काँग्रेस, राज्याचं सभागृह सगळ्याला डेमोक्रॅटिक मत द्यायचं आणि वरची राष्ट्राध्यक्षाची ओळ कोरी सोडायची. असं कोणी केलंय का? मतपत्रिका बाद होते का? आणि करावं का?

एडिसनची_मावशी | ९ जुलै २०२४

सई, लिहिलंस छान, पण हे सगळं वाचून माझा एकच प्रश्न: मग ट्रम्प आले तर चालतील का तुला?

मी २००० साली पहिल्यांदा मत दिलं. फ्लोरिडात ५३७ मतांनी बुश आले. ग्रीन पक्षाच्या नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. त्यांना मत देणाऱ्या प्रत्येकाकडे तुझ्यासारखंच एकेक छान कारण होतं. मग इराक झालं. तुझ्याच राज्यात २०१६ ला ट्रम्प १०,७०४ मतांनी आले आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना ५१ हजारांवर पडली. राष्ट्राध्यक्षाची ओळ कोरी सोडणारे तर त्याहूनही जास्त होते, पंचाहत्तर हजारांच्या आसपास. त्यानंतर सुप्रीम कोर्टात त्यांचे तीन न्यायाधीश आले, गर्भपाताचा देशभरचा हक्क गेला आणि तुला ज्यासाठी वेस्टलंडमध्ये दारं ठोठावावी लागली ते त्यामुळेच.

मी न्यू जर्सीत ओळ कोरी सोडली तर कोणाच्या गावीही नसेल. तुझं तसं नाही. मिशिगनची १५ इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष राज्यांच्या अशा मतांवरूनच ठरतो) कुठे जातात त्यावर सगळा देश लटकलेला असतो. आधी निवडून आणा आणि मग काय ते भांडा. म्हातारा तर म्हातारा. आपल्याला कुठे त्याच्याशी लग्न करायचंय.

सई_कॅन्टन | ९ जुलै २०२४

मावशी, हे गणित मला पाठ आहे, २०२० ला फोनवर मीच ते लोकांना ऐकवायचे. पण "आधी निवडून आणा, मग भांडा" हे मला २०२० मध्ये सांगितलं होतं. मग २०२२ ला. आता परत. भांडायची वेळ नक्की कधी येते? प्रायमरीत भांडलं की म्हणतात फूट पाडू नका, प्रायमरीनंतर भांडलं की म्हणतात तेव्हाच का नाही बोललात.

आणि ट्रम्प चालतील का, हा प्रश्न मला विचारण्याऐवजी बायडन यांना विचारा. त्यांना खरंच चालणार नसतील तर त्यांनी काय करायला हवं, ते त्यांच्या हातात आहे, माझ्या नाही.

जुना_डेट्रॉइटकर | १० जुलै २०२४

सई, मी तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे, फक्त दिवेलागणीनंतर जास्त बोलतो.

आधी तुझ्या व्यवहाराच्या प्रश्नाचं उत्तर, कारण त्यात एक खाच आहे आणि ती कोणी सांगत नाही. मी निवृत्त झाल्यापासून ट्रॉयमध्ये मतदान केंद्रावर इलेक्शन इन्स्पेक्टर म्हणून काम करतो. ओळ कोरी सोडली म्हणून मतपत्रिका बाद होत नाही. जेवढं भरलंस तेवढं मोजलं जातं. पण मिशिगनच्या मतपत्रिकेवर सगळ्यात वर स्ट्रेट पार्टीचा, म्हणजे एका फटक्यात सगळी मतं एकाच पक्षाला देण्याचा, गोल असतो, २०१८ च्या जनमतानंतर तो परत आला. घाईत तो डेमोक्रॅटिक गोल काळा केलास आणि राष्ट्राध्यक्षाची ओळ कोरी ठेवलीस, तर ते मत बायडन यांनाच जातं. स्ट्रेट पार्टी केल्यावर ज्या पदासाठी तू वेगळं नाव निवडशील तेवढंच बदलतं, बाकी सगळं पक्षाला. तेव्हा कोरी सोडायचीच असेल तर एकेक पद हाताने भरावं लागेल. उलटी खाचही आहे: स्ट्रेट पार्टी केलं की काम झालं समजून लोक निघून जातात. राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश पक्षाविना भागात असतात आणि प्रपोझल्स वेगळी असतात, ती तशीच राहतात. न्यायाधीश विसरू नकोस, तुझं प्रपोझल ३ उद्या त्यांच्याच समोर जाणार आहे.

आता जे तू विचारलं नाहीस ते.

मी १९६८ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरला एमएस करायला आलो. बॅग उघडून जेमतेम दोन आठवडे झाले असतील, वसतिगृहाच्या खालच्या खोलीत टीव्हीवर शिकागोचं अधिवेशन चालू होतं. बाहेर पोलीस पोरांना बडवतायत आणि आत डेमोक्रॅटिक पक्ष उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवार करतोय. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मार्चमध्येच अंग काढून घेतलं होतं. हम्फ्री यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. माझा रूममेट युद्धविरोधी उमेदवार युजीन मॅकार्थी यांचा कार्यकर्ता, त्यांच्यासाठी म्हणून केस कापून न्यू हॅम्पशायरला जाऊन आलेला. तो त्या रात्री म्हणाला, मी नोव्हेंबरमध्ये घरी बसणार. आणि बसला. निक्सन आले, व्हिएतनाम आणखी कितीतरी वर्षं चाललं.

पण ही गोष्ट मी तुला मावशींच्या बाजूने सांगत नाही. चिडलेल्या पोरांमुळेच पुढे पक्षाला नियम बदलावे लागले. १९६८ नंतर आयोग बसला आणि आज तू ज्याला नावं ठेवतेस ती प्रायमरीची पद्धत त्यातून आली. त्याआधी चिरूट ओढणारे दहा-बारा जण खोलीत बसून ठरवायचे. आणि मग १९७२ ला पोरांनी आपल्या मनासारखा उमेदवार आणला, मॅकगव्हर्न. अठरा वर्षांच्यांना मत मिळाल्यावरची ती पहिलीच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी, एवढंच हाती लागलं. रूममेटने त्या वेळी मत दिलं होतं म्हणे.

यातून काय घ्यायचं ते तू घे. मला पंचावन्न वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही.

कोथरूड_पण_सदाशिवी | १० जुलै २०२४

बाहेरच्याने बोलू नये, पण राहवत नाही. तुम्हाला फेब्रुवारीत निदान एक गोल काळा करायला मिळाला. आमच्याकडे तिकीट कोणाला हे मतदाराला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळतं, कधी कधी उमेदवारालाही. २०१९ ला आम्ही ज्या पक्षाला मत दिलं तो आता नक्की कुठला आणि त्याचं चिन्ह कोणाकडे, हे विचारायला कोर्टात जावं लागतं.

नोटाचं म्हणाल तर लातूर ग्रामीणमध्ये २०१९ ला नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतं. आता लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतला तेव्हा नोटाला २,१८,६७४. जो निवडून यायचा तो आलाच. तुमच्या एक लाखवाल्यांना दोन डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) तरी मिळाले ना? आमच्या नोटाला चहासुद्धा कोणी विचारत नाही.

ऑस्टिनचा_पाहुणा | ११ जुलै २०२४

२०११ पासून इथे आहे, एच-वन-बी वर. कर भरतो, मुलगी इथे जन्मली, ग्रीन कार्डची रांग देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे हलत नाही. मला मत नाही, मुलगी अठरा वर्षांची झाली की घरात एकमेव मतदार तीच असेल असं दिसतंय. सई, तुला राग यायचा हक्क आहे, पण "ओळ कोरी सोडू का" हे वाचताना आतून जरा काहीतरी झालं एवढंच सांगतो. उपदेश नाही.

एक विचारतो: ओळ कोरी सोडलीस तर ते कळणार कोणाला? फेब्रुवारीत अनकमिटेड असं छापील खातं होतं, आकडा आला, बातमी झाली. नोव्हेंबरमध्ये कोरी ओळ म्हणजे विसरलेली ओळ, रागावलेली ओळ, पेन न चाललेली ओळ, सगळं एकच.

सई_कॅन्टन | १२ जुलै २०२४, रात्री उशिरा

पाहुणेदादा, हे मला सुचलंच नव्हतं आणि ते पटतंय, म्हणून चिडचिड आणखी वाढली आहे. काका, स्ट्रेट पार्टीच्या गोलाबद्दल मनापासून आभार. मी तो गेल्या दोन्ही वेळा काळा केला होता आणि नोव्हेंबरमध्येही सवयीने तेच केलं असतं.

आज बायडन डेट्रॉइटला होते. जागा ओळखा! तेच रेनेसाँ हायस्कूल, जिथे चार वर्षांपूर्वी ते पुलाचं बोलले होते. कामावरून सुटून मी गाडीतच फोनवर बघितलं. आवाज चांगला होता, लोक उत्साहात होते, मी उभा आहे आणि आपण जिंकणार आहोत म्हणाले, टाळ्या पडल्या. डिबेटमधला तोच माणूस का, असा प्रश्न पडावा इतका फरक. पण समोर टेलिप्रॉम्प्टर होता, आणि नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक दिवशी आज कुठला माणूस येईल या धाकधुकीत मी दारं ठोठवायची का? लोकांच्या दारात उभं राहिलं की ते विचारतात. तुम्हाला तरी खात्री आहे का, असं सरळ विचारतात. खोटं बोलायला मला जमत नाही, वेस्टलंडमधल्या बायकांना तर अजिबात नाही.

मावशी, तुमचा राग गेला असेल अशी आशा.

एडिसनची_मावशी | १३ जुलै २०२४

राग कसला ग. माझी लेक तुझ्याच वयाची, ती तर माझ्याशी बोलतच नाही या विषयावर. तू निदान लिहितेस. दारात खोटं बोलू नकोस, पण सिनेटसाठी जा. मिशिगनची जागा रिकामी होतेय, तिथे उमेदवाराचं वय हा प्रश्न नाही.

सई_कॅन्टन | २३ जुलै २०२४

तर, रविवारी दुपारी बायडन यांची माघार. मी लॉन्ड्रीत होते, सगळ्यांचे फोन एकदम वाजले. अर्ध्या तासाच्या आत हॅरिस यांना पाठिंबा, आणि काल रात्रीपर्यंत पुरेसे डेलिगेट त्यांच्या बाजूने झालेसुद्धा.

आनंद झाला, नाकारत नाही. पंचवीस डॉलर पाठवले, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत जमलेल्या त्या ८ कोटी १० लाखांत माझेही आहेत. आईने फोन करून "झालं ना तुझ्या मनासारखं?" विचारलं.

आई, नाही झालं. म्हणजे अर्धंच झालं. जिला मी आता मत देणार तिला या वर्षी प्रायमरीत राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणीही मत दिलेलं नाही. मी नाही, मावशींनी नाही, १ कोटी ४० लाखांपैकी कोणीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी हेच लोक पत्रातून सांगत होते की मतदारांच्या कौलाला हात लावता येत नाही. मग देणगीदार आणि खासदार मागे लागले आणि लावता आला. आमच्या एक लाख मतांनी जे हललं नाही ते आठ-दहा फोनांनी हललं, हे मी कसं विसरू? डिबेट सप्टेंबरऐवजी जूनमध्ये ठेवली म्हणून वाचलो, एवढंच. काका, तुमचे हम्फ्री आठवले. मैत्रिणीला विचारलं, आता तरी? ती म्हणाली, बाई काय बोलते ते बघू. अजून बघतेय.

मी ओळ भरणार आहे. हाताने, एकेक पद, गोल न वापरता.

जुना_डेट्रॉइटकर | २३ जुलै २०२४

हम्फ्री यांच्याकडे अधिवेशनानंतर दोन महिने होते, हॅरिस यांच्याकडे आजपासून साडेतीन. बघू.

दुसरं म्हणजे, ६ ऑगस्टला राज्याची प्रायमरी आहे, सिनेटचीसुद्धा, आणि माणसं कमी आहेत. ऑगस्टला उशीर झाला असेल, पण नोव्हेंबरसाठी तुझ्या टाउनशिपच्या क्लार्ककडे इन्स्पेक्टरचा अर्ज टाक. प्रशिक्षण देतात, पैसेही देतात थोडे. अर्जात आपला पक्ष लिहावा लागतो, कारण प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असावी लागतात.

सई_कॅन्टन | २४ जुलै २०२४

अर्ज टाकला. पक्षाच्या रकान्यापाशी जरा वेळ गेला, पण लिहिलं, डेमोक्रॅटिक. काका, मतदान सातला सुरू होतं म्हणजे आपण किती वाजता हजर व्हायचं? आणि जेवणाचा डबा न्यावा लागतो का, की तिथे पिझ्झा असतो?

जुना_डेट्रॉइटकर | २४ जुलै २०२४

सहाला. आणि आठला दार बंद झाल्यावर मोजणी, सह्या, सील, घरी यायला दहा. पिझ्झा असतो, पण थंड. डबा ने, आणि पायात जुने बूट घाल.